पांढरा वाघ काय शिकवितो?



गोदाकाठी विष्णुपुरीस राहणाऱ्या आपणांस वाघ पाहावयाचा झाल्यास छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाची वाट धरावी लागते. तेथील पांढऱ्या वाघापुढे कोणाचेही पाऊल थबकते. ‘किती सुंदर जनावर!’ असे म्हणून आपण पुढे सरकतो. परंतु जीवसृष्टीची उत्क्रांती समजून घेण्यास याच्याइतका चांगला शिक्षक विरळा.

पांढरा वाघ ही निराळी जात नव्हे. रंगाशी संबंध असलेल्या एका जनुकात अल्पसा फरक पडल्याने त्याचा पिवळा वर्ण लोपला आहे. हा फरक शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शोधून काढला. असे फरक प्राणिमात्रांत आपोआप उद्भवतात. जगण्यास उपकारक असतील ते वंशात टिकतात, अपायकारक ते मागे पडतात. यासच डार्विनने आपल्या १८५९ च्या ग्रंथात नैसर्गिक निवड म्हटले. हरणास तांबडा व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून पिवळा-तांबूस वाघ त्यास गवतासारखाच भासतो. वाघाचा रंग हा त्याचा अलंकार नसून उपजीविकेचे साधन होय.

आता मनुष्याची निवड पाहा. १९५१ मध्ये रीवा संस्थानच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडविला व त्याचे नाव मोहन ठेवले. पिवळ्या वाघिणीपासून त्यास झालेली पिल्ले पिवळीच निघाली. कारण हा गुण आई व बाप दोघांकडून यावा लागतो. पुढे त्याच्याच मुलीशी त्याची जोडी लाविली, तेव्हा १९५८ मध्ये पांढरी पिल्ले जन्मली. प्राणिसंग्रहालयांतील पांढरे वाघ बहुतेक त्याच्याच वंशातले. केवळ रंगासाठी जवळच्या नात्यात पैदास होत गेल्याने या वंशात व्यंगे व दुर्बलता वाढली.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले आहे. तेथील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील संदेशवाहक पट्ट्यामुळे हा प्रवास कळला. तरुण वाघ असे दूर जातात, म्हणूनच आप्तांबाहेर जोडीदार मिळून वंश सुदृढ राहतो. जंगलाजंगलांमधील वाटा तुटल्या, तर रानातला वाघही पिंजऱ्यातल्याप्रमाणेच कोंडला जाईल.

तात्पर्य, वाघ राखणे म्हणजे त्याचे कातडे किंवा त्याची संख्या राखणे एवढेच नव्हे; त्याचे रान, त्याचे भक्ष्य व त्याची वाट राखणे होय. प्राणिसंग्रहालय ही ओळख करून देणारी शाळा आहे. ते रानाची जागा घेऊ शकत नाही.

पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा :
१. मोहनची पहिली पिल्ले पिवळी का झाली?
२. नैसर्गिक व मनुष्यकृत निवडीत भेद कोणता?
३. दोन जंगलांमधील वाट तुटल्यास वाघांच्या वंशावर काय परिणाम होईल?