येणारे पुष्कळ, घेणारे विरळ : कमिशनवर चालणाऱ्या विक्री-संकेतस्थळाचा अभ्यास

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. पुढे कणकुंबी येथे मलप्रभा नदीचा उगम आहे. परिसरात म्हादई नदीवरील वज्रपोहा धबधबा असून २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्यही याच तालुक्यात आहे. पावसाळ्यात या रस्त्याने प्रवाशांची रीघ लागते. रस्त्यालगतच्या कोणत्याही दुकानदारास एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दारात थांबणारी प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाची नसते. कोणी वाट विचारण्यास थांबतो, कोणी पाऊस ओसरेपर्यंत आडोशाला उभा राहतो, आणि एखादाच काही विकत घेण्यासाठी उतरतो.

रस्त्यावरच्या दुकानदारास जे सहज उमगते, ते इंटरनेटवर दुकान मांडणाऱ्या सुशिक्षित तरुणांच्या ध्यानात पुष्कळदा येत नाही. संकेतस्थळास हजारो लोक भेट देतात, परंतु विक्री मात्र होत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. या अडचणीची कारणे कोणती व ती दूर कशी करावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीचे स्वरूप

ज्या विक्रीचा येथे विचार करावयाचा आहे, तीस अफिलिएट पद्धत म्हणतात. या पद्धतीत संकेतस्थळ चालविणाऱ्याजवळ स्वतःचा माल नसतो. तो वस्तूंची माहिती देतो व मोठ्या दुकानाच्या पानाकडे नेणारा दुवा जोडतो. वाचकाने त्या दुव्यावरून जाऊन खरेदी केली, तर ठरलेल्या दराने कमिशन मिळते. बाजार समितीतील अडत्यासारखेच हे काम असून, फरक इतकाच की येथे मालही दिसत नाही आणि गिऱ्हाईकही दिसत नाही. अ‍ॅमेझॉन या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये अशी योजना सुरू केली. तिचे भारतातील दुकान २०१३ मध्ये उघडले.

कमिशन कोणाचे, हे ओळखण्यासाठी ग्राहकाच्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये ‘कुकी’ नावाची एक लहानशी खूण ठेवली जाते. तिची मुदत ठरलेली असते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत सामान्यतः दुवा दाबल्यापासून २४ तासांच्या आत खरेदी व्हावी लागते. तसेच नव्या सभासदाच्या दुव्यांवरून पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्री झाल्या नाहीत, तर त्याचे खाते बंद होते. म्हणजेच ‘लोक येत आहेत, आज ना उद्या घेतील’ असे म्हणून स्वस्थ बसण्यास येथे वाव नाही. सहा महिन्यांचे श्रम वाया जाण्याचा धोका त्यात आहे.

एक उदाहरण

समजा, जांबोटी येथील एका पदवीधर तरुणाने घाटमाथ्याच्या पावसात उपयोगी पडणाऱ्या वस्तूंविषयी असे संकेतस्थळ सुरू केले. रेनकोट, गमबूट, विजेरी, पाणी न शिरणाऱ्या पिशव्या यांची माहिती त्याने दिली. लोक यावेत म्हणून धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेविषयीही एक पान लिहिले. तीन महिन्यांत ६,००० भेटी झाल्या, विक्री एकही झाली नाही. पुढील आकडे केवळ अभ्यासासाठी गृहीत धरले आहेत.

वाटेच्या पानास ४,८०० भेटी मिळाल्या व तेथून १२ जणांनी दुवा दाबला. ‘पावसाळ्यातील उपयुक्त वस्तू’ या सर्वसाधारण यादीस ९०० भेटी व १८ दाबणारे लाभले. ‘भातलावणीच्या कामासाठी कोणता रेनकोट घ्यावा’ या पानास भेटी केवळ ३००, परंतु दुवा दाबणारे ३० निघाले. शेकडा प्रमाण काढले असता ते अनुक्रमे पाव, दोन व दहा असे येते. ज्या पानाची गर्दी पाहून तरुण समाधानी होता, ते पान विक्रीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे; आणि ज्याकडे त्याचे दुर्लक्ष झाले, तेच खरे दुकान आहे.

येथे आणखी एक हिशेब पाहणे अगत्याचे आहे. दुवा दाबणाऱ्या १०० जणांपैकी ३ जण खरेदी करतात असे धरल्यास ६० जणांमागे सुमारे दोन विक्री अपेक्षित होतात. तथापि त्याच प्रमाणात सहा वेळांपैकी एखाद्या वेळी निव्वळ योगायोगानेही विक्री शून्य राहू शकते. म्हणून इतक्या थोड्या आकड्यांवरून निराश होऊन सर्व मोडून टाकणे योग्य नव्हे.

आता उत्पन्नाचा विचार करू. १,५०० रुपयांच्या रेनकोटवर शेकडा ५ कमिशन धरले तर ७५ रुपये मिळतात. दरमहा ३,००० रुपये मिळविण्यास ४० विक्री, म्हणजे सुमारे १,३३० दुवा दाबणारे लागतील. रेनकोटच्या पानावर त्यासाठी सुमारे १३,३०० वाचक पुरतात. वाटेच्या पानावर मात्र ५ लाख ३३ हजार वाचक लागतील. पाटाचे पाणी शेतात पोचत नसेल, तर धरणात अधिक पाणी साठवून उपयोग होत नाही. पाट कोठे फुटला आहे, हे आधी शोधावे लागते.

गळती शोधण्याची रीत

आलेला वाचक चार टप्प्यांतून जातो. तो पान वाचतो, दुवा दाबतो, दुकानात खरेदी करतो, आणि त्या खरेदीची नोंद योग्य खात्यावर होते. प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळा लिहून ठेवावा.

वाचक पुष्कळ व दुवा दाबणारे थोडे असतील, तर दोष पानात किंवा वाचकाच्या निवडीत आहे. दुवा दाबणारे पुरेसे असून खरेदी होत नसेल, तर दोष वस्तूत, किमतीत किंवा माल पोचण्याच्या सोयीत असण्याचा संभव असतो. वस्तू संपलेली असते, किंमत वाढलेली असते, अथवा वाचकाच्या गावी ती पोचविली जात नाही. म्हणून प्रत्येक दुवा आठवड्यातून एकदा उघडून पाहावा. दुव्यात आपला सभासद क्रमांक आहे की नाही, हेही तपासावे. तो सुटला असेल तर विक्री होऊनही कमिशन मिळत नाही. मात्र परीक्षेसाठी स्वतःच्याच दुव्यावरून स्वतः खरेदी करू नये. योजनेच्या नियमांत त्यास मनाई असते.

सुधारणेचे उपाय

पहिला उपाय म्हणजे एका पानावर एकाच प्रश्नाचे उत्तर देणे. तीस वस्तूंची यादी पाहून वाचक गोंधळतो व निघून जातो. तीन वस्तूंची तुलना करून कोणती कोणास योग्य, हे स्पष्ट सांगावे. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीची गरज, दुचाकीवरून शाळेस जाणाऱ्या शिक्षकाची गरज व एका दिवसासाठी आलेल्या प्रवाशाची गरज वेगवेगळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या इरले व घोंगडे घेऊन या पावसात काम केलेल्या माणसास ती जितकी कळते, तितकी दूरच्या शहरात बसून लिहिणाऱ्यास कळत नाही. हेच ज्ञान ग्रामीण लेखकाचे खरे भांडवल होय. कंपनीने दिलेले वर्णन उतरवून काढल्यास हे भांडवल वाया जाते.

दुसरा उपाय, दोष न लपविणे. रेनकोटची शिवण कोठे उसवते, गमबूट कोणत्या महिन्यात चिरतो, हे लिहिल्याने विक्री कमी होईल अशी भीती बाळगू नये. जो दोष सांगतो, त्याच्या शिफारशीवर विश्वास बसतो. एखादी वस्तू खानापूर किंवा बेळगावच्या बाजारात स्वस्त मिळत असेल, तर तेही सांगावे. शक्य तेथे स्वतः वापरलेल्या वस्तूचे स्वतः काढलेले छायाचित्र द्यावे.

तिसरा उपाय वेळेसंबंधी आहे. रेनकोटची खरेदी मे व जूनमध्ये होते. धबधबा पाहणारे जुलै-ऑगस्टमध्ये येतात. नवे पान शोधयंत्रांच्या नजरेस येण्यास काही आठवडे, प्रसंगी महिने लागतात. यास्तव पावसाळी वस्तूंचे पान फेब्रुवारी-मार्चमध्येच तयार असावे. पेरणी उलटल्यावर बी पेरण्यात अर्थ नसतो.

चौथा उपाय पानाच्या रचनेचा. बहुसंख्य वाचक मोबाइलवर वाचतात आणि घाटभागात नेटवर्क क्षीण असते. जड चित्रांमुळे पान उघडण्यास विलंब झाला की वाचक परत फिरतो. चित्रे लहान करावीत, निष्कर्ष आरंभीच द्यावा, व दुवा त्या निष्कर्षाजवळ असावा. ‘येथे दाबा’ असे न लिहिता ‘आजची किंमत दुकानात पाहा’ असे लिहिल्यास पुढे काय होणार ते वाचकास कळते. किंमत पानावर आकड्यांत लिहून ठेवू नये, कारण ती वारंवार बदलते व जुनी किंमत वाचून आलेला ग्राहक फसल्याची भावना घेऊन जातो. भाषेचाही विचार करावा. अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट या दोन्ही दुकानांनी २०२१ मध्ये मराठीची सोय केली. त्यामुळे मराठी वाचकास अखेरपर्यंत मराठीतून नेणे शक्य आहे.

सचोटी व कायदा

कमिशन मिळते ही गोष्ट वाचकापासून लपविणे अनुचित तर आहेच, शिवाय नियमबाह्यही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असल्यास तो उघड करणे त्यांनुसार आवश्यक आहे. ‘या दुव्यावरून खरेदी झाल्यास आम्हांस कमिशन मिळते, आपणांस अधिक किंमत पडत नाही’ असे वाक्य पानाच्या आरंभीच ठळकपणे द्यावे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. त्यामागील तत्त्व साधे आहे : अभिप्राय खऱ्या अनुभवाचा असावा व विकत घेतलेला नसावा. न वापरलेल्या वस्तूविषयी ‘आम्ही वापरून पाहिले’ असे कदापि लिहू नये. दूरच्या ग्राहकाची फसवणूकही फसवणूकच असते.

गर्दी काय सांगते

वाटेचे पान मात्र पुसून टाकू नये. ४,८०० लोक जे विचारत आले, तीही एक मागणीच आहे. त्यांस रेनकोट नको असेल. परंतु वाटाड्या, दुपारचे जेवण, मुक्कामाची सोय, गावचा तांदूळ किंवा मध यांची त्यांना गरज असू शकते. वनखात्याचे निर्बंध व पावसाळ्यातील धोके प्रथम स्पष्ट सांगून त्याच पानावर गावातील घरगुती भोजनाची माहिती देता येईल. खाद्यपदार्थांची विक्री करावयाची तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. ग्रामपंचायत व महिला बचत गट यांनी यात लक्ष घातल्यास शेकडा पाच कमिशनऐवजी पूर्ण मोबदला गावातच राहील.

सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करावा, तारीख वहीत लिहावी व पुरेसे वाचक येईपर्यंत थांबावे. एकदम दहा बदल केल्यास गुण कशाने आला ते कळत नाही. वहीतील आकडे पाहून पुढचे पाऊल टाकणारा उद्योजक सहा महिन्यांत एक तर विक्री करू लागतो, नाही तर आपले गिऱ्हाईक दुसरेच काही मागत आहे हे ओळखतो. दोन्ही गोष्टी लाभाच्याच आहेत.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळच्या रस्त्यावरील एका दुकानात तासाभरात थांबणारे व खरेदी करणारे किती, हे मोजून शेकडा प्रमाण काढा.
२. ६०० वाचकांपैकी ४२ जणांनी दुवा दाबला व २ जणांनी खरेदी केली, तर गळती कोणत्या टप्प्यावर आहे?
३. आपल्या घरातील पावसाळी वापराच्या एका वस्तूचे गुण व दोष दहा वाक्यांत प्रामाणिकपणे लिहा.