विजेचा दर कोण ठरवतो?

खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली येते आणि त्याच्या जोरावर यंत्रे फिरतात. कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र १९२२ साली सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

भाजी महाग वाटली, तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. विजेचे तसे नाही. घरात सहसा एकाच कंपनीची तार येते. मग तिने मनाला येईल तो दर लावला तर?

यासाठी १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. आपल्याला वीज पुरवणारी महावितरण ही सरकारी कंपनी आहे. तरीही तिला परस्पर दर वाढवता येत नाही. ती आयोगापुढे हिशेब मांडते. लोक आपले म्हणणे लिहून कळवतात. मग आयोग दर ठरवतो.

२००३ च्या वीज कायद्यानुसार बिल थकले, तरी पंधरा दिवसांची लेखी सूचना दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिल चुकीचे वाटले, तर ग्राहकाने कंपनीकडे तक्रार करावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते.

विद्यार्थी मित्रांनो, उर्दूत ‘तकरार’ म्हणजे भांडण. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे शिकायत. कार्यालयाच्या खिडकीवर भांडू नका. स्वच्छ मराठीत अर्ज लिहा आणि त्याची पोच घ्या.