मर्यादित खर्चात खेळांचा संगणक : सुट्या भागांची निवड

संगणकाचे सुटे भाग विकत घेऊन ते आपल्या गरजेप्रमाणे जुळवून घेण्याची पद्धत महाराष्ट्रात चांगलीच रुळलेली आहे. मुंबईत ज्याला आजही सर्वजण लॅमिंग्टन रोड म्हणतात, त्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर अशा भागांची दुकाने ओळीने आहेत. आणि जिल्ह्याच्या गावीही जुळणी करून देणारा एखादा जाणकार भेटतोच. महाविद्यालयात जाणारी मुले घरी संगणकाची मागणी करतात तेव्हा अभ्यासाबरोबर खेळांचाही विचार त्यांच्या मनात असतो, हे पालक जाणून असतात. त्यात गैर काही नाही. अडचण असते ती पैशांची. महिनोन्‌महिने बाजूला टाकलेली रक्कम येथे एकाच दिवशी खर्च व्हावयाची असते. ती कोणत्या भागावर किती खर्च करावी, हा या लेखाचा विषय आहे.

पुष्कळजण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. वास्तविक सुरुवात पडद्यापासून करावयास हवी. पडद्यावरील चित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० बाय १०८० या मापाच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, तर ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर त्याच्या बरोबर चौपट, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार. खेळ सुरू असताना हे सर्व ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावयाचे झाल्यास प्रत्येक चित्रासाठी १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील तर ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. पडदा जितका मोठ्या मापाचा व वेगवान, तितके त्यामागील यंत्र महाग, असा हा सरळ हिशेब आहे. मर्यादित खर्च करणाऱ्याने १९२० बाय १०८० चा पडदा निश्चित करावा आणि मग मागे वळून इतर भागांकडे पाहावे.

ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून खेळांच्या संगणकात सर्वांत मोठा वाटा, एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक, याच भागाचा असावा. येथेच ग्राहकाची फसगतही सर्वाधिक होते, कारण विक्रेता कार्डाची ओळख ‘चार जीबीचे कार्ड’ अशी करून देतो. कार्डावर किती स्मृती आहे यावरून कार्डाची ताकद कळत नाही. जीटी १०३० या नावाचे उदाहरण बोलके आहे. २०१७ मध्ये हे कार्ड जीडीडीआर५ जातीच्या स्मृतीसह आले. तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीचे कार्ड बाजारात आले व तो वेग १६.८ जीबीवर उतरला. दोन्ही कार्डांवर स्मृती २ जीबीच, वेगात मात्र जवळजवळ तिप्पट अंतर! तेव्हा कार्डाचे पूर्ण नाव, स्मृतीची जात आणि ते प्रथम बाजारात आल्याचे वर्ष या तिन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. नव्या मोठ्या खेळांसाठी ८ जीबी ही किमान मर्यादा धरणे योग्य होय. तथापि ८ जीबी आहे एवढ्यावरून निवड करू नये.

प्रोसेसर आणि नावाचा मोह

‘आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ अशा जाहिरातीतील अत्यंत स्वस्त तयार संच पाहून पालकांना तो सौदा वाटतो. अशा संचातील आय-७ अनेकदा २०१२ सालातील, तिसऱ्या पिढीचा असतो. त्यात चार गाभे आहेत हे खरे. परंतु २०२२ च्या प्रारंभी आलेला चार गाभ्यांचा आय-३ १२१००एफ त्याच्याहून स्पष्टपणे वेगवान आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी ज्या अटी आहेत, त्यांत इतका जुना प्रोसेसर बसत नाही. आपल्याकडील तरुणांत लोकप्रिय असलेला व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर चालवावयाचा तर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षा सोयी चालू असाव्या लागतात. ज्या खेळासाठी संगणक घेतला तोच खेळ सुरू होत नाही, असा प्रसंग अशा संचामुळे ओढवू शकतो.

सहा गाभ्यांचा प्रोसेसर मध्यम ताकदीच्या कार्डास पुरेसा होतो. २०२२ मधील रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ ही त्याची परिचित उदाहरणे. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असल्यास त्यात चित्र दाखविण्याची अंगभूत सोय नसते. रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही. सध्या कार्डापुरते पैसे नसतील आणि ते पुढील वर्षी घ्यावयाचे असेल, तर अंगभूत ग्राफिक्स असलेलाच प्रोसेसर निवडावा, अन्यथा पडदा काळाच राहील.

रॅम १६ जीबीची असावी व ती ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरविते. दोन पट्ट्या जोडीने बसविल्या की ही क्षमता दुप्पट होते. २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या किमती झपाट्याने वाढल्या, त्यामुळे जुने भावपत्रक हाती धरून बाजारात जाऊ नये. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. काही खेळ एकेकटे १०० जीबीहून अधिक जागा व्यापतात, हे लक्षात घेऊन ती शक्यतो १ टीबीची असावी.

एसएमपीएस : दुर्लक्षित पण निर्णायक

ज्या भागावर सर्वजण काटकसर करतात तो भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात घरातील २३० व्होल्टचा प्रवाह संगणकास योग्य करून देणारी पेटी. कित्येक ठिकाणी ती कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकट मिळते, आणि नेमके तेथेच सावध राहावयास हवे. पेटीवर ठळक छापलेल्या वॉटच्या आकड्यापेक्षा तिच्या बाजूवरील तक्ता वाचावा. प्रोसेसर व कार्ड यांना वीज १२ व्होल्टच्या वाहिनीतून मिळते. पेटीवर ‘४५० वॉट’ लिहिले असून तक्त्यात १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉटच खरे उपयोगाचे. उलट बाजूचा हिशेब असा : रायझन ५ ५६०० ला ताणाखाली सुमारे ७५ वॉट, आरएक्स ६६०० या कार्डास १३२ वॉट, इतर भागांस ५०-६० वॉट. ही बेरीज २६० च्या पुढे जाते. अशा संचास नामांकित बनावटीची, ‘८० प्लस’ प्रमाणित ४५० ते ५५० वॉटची पेटी योग्य ठरते. हे प्रमाणपत्र विजेच्या बचतीचे आहे, सुरक्षिततेचे नव्हे. म्हणून वॉरंटीची वर्षेही पाहावीत. हलकी पेटी जळते तेव्हा ती मदरबोर्ड व कार्ड यांनाही सोबत नेऊ शकते, आणि वाचविलेल्या थोड्या रुपयांपायी कार्डाची संपूर्ण किंमत मोजावी लागते.

हेच कॅबिनेटविषयी. रंगीत दिवे व काचेची भिंत यांवर खर्च करण्याऐवजी पुढे जाळी असलेले, दोन पंख्यांचे साधे कॅबिनेट मी पसंत करीन. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पंखा कोणत्याही भागास खोलीच्या तापमानाहून अधिक थंड करू शकत नाही. खोली तापली की प्रोसेसर व कार्डही तितकेच वर चढतात आणि स्वतःचा बचाव म्हणून वेग कमी करतात. जाळीवरील धूळ महिन्यातून एकदा पुसणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. विजेच्या जोडणीस उत्तम अर्थिंग असावे. यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो, हे ध्यानात ठेवावे. त्यावर खेळ चालू ठेवावयाचा नसून संगणक नीट बंद करावयाचा असतो.

भाव विचारताना १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून की वगळून, हे स्पष्ट करून घ्यावे. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा, कारण पुढे वॉरंटी त्याच आधारे मिळते. जुळणी झाल्यावर दुकानातच संगणक सुरू करवून तीन गोष्टी पाहाव्यात : मॉनिटरची तार मदरबोर्डास नव्हे तर ग्राफिक्स कार्डास जोडली आहे ना, रॅमचा वेग बायॉसमध्ये तिच्या छापील वेगाइतका निवडला आहे ना, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असल्यास विंडोजमध्ये तो ६० वरच राहिलेला नाही ना.