तांबड्या माळावर जीप

जॉर्डन देशात वादी रम नावाचा तांबड्या खडकांचा वाळवंटी प्रदेश आहे. 'वादी' म्हणजे दरी, हे तुम्हांला सांगायला नको! तेथील बदू वाटाडे प्रवाशांना जीपमधून खडकांमध्ये फिरवतात. 2011 साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसा ठरवले. वर्गात त्याचे चित्र दाखवले, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे असे लाल डोंगर नाहीत का?"

वाळवंट नाही, पण लाल खडक आहे. तोही आपल्या लातूर जिल्ह्यात. दसऱ्याच्या सुटीत आम्ही आठ जण भाड्याच्या जीपने खरोसा लेणी पाहायला निघालो. औसा तालुक्यातील हे गाव लातूरपासून सुमारे 45 किलोमीटरवर आहे. वाटेत एका वृद्ध शेतकऱ्याला वाटाड्या म्हणून बरोबर घेतले. मुले त्यांना 'मामा' म्हणू लागली.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. डांबरी रस्ता सोडल्यावर ड्रायव्हरचाचांनी जीप शेतातल्या जवळच्या वाटेकडे वळवली. मामा ओरडले, "थांबा! ते काळं रान हाय. वरून वाळलेलं दिसतंय, पण आत ओल हाय. चाक रुतलं तर बैल आणावे लागतील."

चाचांना ते पटेना. मामा खाली उतरले. त्यांनी हातातली काठी काळ्या मातीत खुपसली. ती वीतभर आत गेली! मग बाजूच्या तांबड्या मुरमावर काठी आपटली. टक्‌ असा आवाज आला. चाचा हसले आणि मुकाट्याने जीप माळाकडे घेतली. वाट लांबची आणि खडबडीत होती. आमची डोकी टपाला आपटत होती. पण चाक कोठे रुतले नाही.

असे का होते? काळी माती पाणी पिऊन फुगते व चिकट होते. मुरमातून मात्र पाणी खाली झिरपते.

लेण्यांत शिरताच गार वाटले. ही लेणी सहाव्या शतकातील मानतात. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण यांची शिल्पे तेथे आहेत. भिंतींचा दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दिसतो. हा जांभा दगड. उष्ण व पावसाळी हवेत मूळ खडक लाखो वर्षे झिजतो. त्यातील काही द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात. लोह मागे राहते आणि गंजते. म्हणून तो तांबडा! ताजा जांभा कापायला सोपा असतो, हवा लागली की कठीण होतो. कोकणात याच्याच चिऱ्यांची घरे बांधतात. पण त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. येथील कित्येक मूर्तींचे चेहरे झिजून गेले आहेत.

एका मुलाने मूर्तीवरून बोट फिरवले. बोटाला लाल भुकटी लागली. मामा हळूच म्हणाले, "बाळा, तेवढी मूर्ती कमी झाली बघ."

मुलाने हात खिशात घातला. परत जीपमध्ये बसेपर्यंत तो बाहेर काढला नाही.

बीदरलाही हाच दगड आहे. बहामनी काळात तेथे जांभ्यातून भुयारे खोदून पाणी आणले होते. त्यांना सुरंगबावी म्हणतात. पुढच्या सुटीत तिकडे जायचे मुलांनी जीपमध्येच ठरवून टाकले.

शब्दार्थ : वाटाड्या – रस्ता दाखवणारा, रहबर, रान – येथे अर्थ, शेत, मुरूम – खडकाचा भुगा असलेली जाडीभरडी माती, चिरा – घडवलेला दगड.

स्वाध्याय : (1) मामांनी जीप का थांबवली? (2) जांभा दगड तांबडा का दिसतो? (3) तुमच्या गावच्या मातीचा रंग कोणता? पावसानंतर तिच्यावरून चालून पाहा व पाच वाक्ये लिहा.