सांडपाण्याचा नमुना : घड्याळाने की प्रवाहाने?

शहराचे सांडपाणी पहाटे संथ व बरेचसे निवळ असते. सकाळी ते वेगाने व गढूळ वाहते. दर तासाला सारखाच नमुना घेतल्यास पहाटेच्या पाण्याला अवास्तव महत्त्व मिळून प्रदूषणाचा भार प्रत्यक्षाहून कमी भासतो. म्हणून स्वयंचलित नमुना-संकलक प्रवाहमापकाशी जोडतात. ठरावीक घनफळ वाहून गेले की मापक विद्युत-संकेत देतो व संकलक नमुना घेतो. हे घनफळ ठरविण्यातच खरी मेख आहे. दिवसाला ४,८०० घनमीटर प्रवाह अपेक्षित असल्यास, दर १०० घनमीटरला १०० मिलिलिटर घेऊन ४.८ लिटर पाणी जमते. १० लिटरच्या पात्रात पावसाने दुप्पट झालेला प्रवाहही सामावतो. दर ५० घनमीटरला नमुना घेतल्यास मात्र पात्र अशा दिवशी मध्येच भरते आणि उरलेला दिवस नोंदीबाहेर राहतो.