मत्स्यबीजाची वाहतूक आणि लवंगेचे तेल

कटला, रोहू व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावी पावसाळ्यात शेततळी व गावतळी भरली, की त्यांत सोडावयाची बोटुकली बाहेरून आणावी लागतात. ग्रामपंचायतीने वा शेतकऱ्याने मोजलेला पैसा फळास येणार की नाही, हे पुष्कळदा या प्रवासातच ठरते. सोडताना तरतरीत दिसलेली बोटुकली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरून वर येतात आणि दोष मात्र तळ्याच्या पाण्याला दिला जातो.

पूर्वी नदीतून गोळा केलेले बीज मातीच्या हंड्यांतून नेले जाई. १९५७ साली हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी कटक येथे प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला आणि बीज केंद्रांत तयार होऊ लागले. आता पॉलिथिनच्या पिशवीत एक तृतीयांश पाणी ठेवून उरलेल्या जागेत प्राणवायू भरतात. तरीही घाबरलेला मासा धडपडतो, अधिक प्राणवायू ओढतो आणि पाण्यात कर्बवायू व अमोनिया वाढवितो. बंद पिशवीत हेच त्याच्या जिवावर बेतते.

मासा शांत ठेवण्यासाठी वनस्पतिजन्य गुंगीद्रव्यांचा विचार होतो तो यामुळे. त्यांत लवंगेचे तेल अग्रगण्य आहे. दुखऱ्या दाताखाली धरावयाच्या बोळ्यात जे युजेनॉल काम करते, तेच माशाच्या कल्ल्यांवाटे रक्तात जाऊन त्यास सुस्त करते. तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून ते प्रथम सुमारे दहापट अल्कोहोलमध्ये विरघळवितात. एका लिटर पाण्यात ५ ते १० मिलिग्रॅम तेलाने मासा मंदावतो. ४० ते ६० मिलिग्रॅमने तो तोल सुटून आडवा होतो. मात्रा वा वेळ वाढल्यास कल्ल्यांची हालचाल थांबते व मासा मरतो.

दहा लिटर पाण्याच्या पिशवीस सौम्य मात्रेचे तेल भरते ते अवघे दोन-तीन थेंब. गाडी भरण्याच्या घाईत, कंदिलाच्या वा बॅटरीच्या उजेडात हे थेंब कोण मोजणार? वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, ही समजूतही खरी नव्हे. तळ्यातील भक्षक मासे मारण्यासाठी टाकतात ती मोहाची पेंडही वनस्पतीचीच. तिच्यातील सॅपोनिन माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडते.

म्हणून बोटुकल्यांच्या थोड्या तासांच्या प्रवासास लवंगेच्या तेलाची गरज नाही. त्याची खरी जागा बीजकेंद्रात आहे: पाच-सहा किलोच्या प्रजनक माशास इंजेक्शन देताना वा त्याचे वजन करताना तो आपटून खवले व कल्ले दुखावून घेतो, तेव्हा प्रशिक्षित हाताने दिलेली गुंगी उपकारक ठरते. काम होताच त्यास स्वच्छ, वाहत्या पाण्यात सोडावे. असा मासा खाण्यासाठी विकू नये. अमेरिकेत खाद्य माशांसाठी लवंगेच्या तेलास मान्यता नाही, तर न्यूझीलंडमध्ये आयसोयुजेनॉलयुक्त औषध चालते. तेथेही ते ठरलेल्या मात्रेचे, नोंदणीकृत उत्पादन असते.

बोटुकल्यांसाठी उपाय साधेच आहेत. पाठविण्यापूर्वी त्यांना एक दिवस उपाशी ठेवावे, म्हणजे पिशवीतील पाणी विष्ठेने बिघडत नाही. प्रवास रात्री वा पहाटे करावा. तळ्यावर पोहोचल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि बोटुकली आपण होऊन बाहेर पडेपर्यंत वाट पाहावी.