बीपी वाढलेलं, तरी काळजी उतरण्याची

प्रश्न : माझ्या आईचं (वय ६४) पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन जळगावला ठरलं आहे. तिला बऱ्याच वर्षांपासून बीपी आहे, दोन गोळ्या चालू आहेत. भूलतज्ज्ञांनी टेल्मिसार्टन आदल्या दिवशीच थांबवायला सांगितली. मेटोप्रोलॉल मात्र ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्या म्हणाले. कारण विचारलं तर उत्तर आलं, "भुलीत बीपी खाली जाईल." जिचं बीपी कायम वर, तिचं खाली जाणार हे त्यांना आधीच कसं कळतं? आणि आता कॉम्प्युटर हे पंधरा मिनिटं आधी सांगतो म्हणे, ते खरं का?
— एक वाचक, पाचोरा

उत्तर : ज्याचं बीपी वर्षानुवर्षं वर असतं, त्याचं भुलीत अनेकदा जास्त घसरतं. तुमच्या भूलतज्ज्ञांना त्यासाठी यंत्र लागलं नाही. आईचं वय आणि गोळ्यांचा कागद पुरला. केळीला ठिबक असेल तर दाबाचं गणित तुम्हाला सांगायला नको. मोटर किती जोरात चालते, नळी किती रुंद आहे आणि विहिरीत पाणी किती उरलंय, यावर सगळं. पूर्ण भुलीसाठी शिरेतून प्रोपोफॉल नावाचं पांढरं औषध देतात. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा जोरही थोडा उतरतो. जाग्या माणसाचा दाब असा पडला की शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून तो सावरतं. भुलीत ही सावरण्याची सोयच मंदावते. जुन्या बीपीवाल्याच्या रक्तवाहिन्या ताठर झालेल्या, आणि त्या सतत आवळून धरण्यावरच त्याचा दाब टिकलेला. ती पकड सुटली की घसरण मोठी होते. दाब सावरणारी आणखी एक यंत्रणा मूत्रपिंडापासून सुरू होते. टेल्मिसार्टन, लोसार्टान, रामिप्रिल या गोळ्या नेमकी तीच अडवतात. म्हणून ती गोळी थांबवली. मेटोप्रोलॉलचं उलट आहे. ती एकाएकी बंद केली तर नाडी भडकते, हृदयावर ताण येतो.

घसरण बहुतेकदा कधी होते, हेही ठरलेलं आहे: भूल दिल्यापासून पहिला चिरा पडेपर्यंत. पोटावरची त्वचा पुसणं, कापड पसरणं चालू असतं, वेदना काहीच नाही, औषधाचा अंमल मात्र पुरता. चिरा पडला की दाब आपोआप थोडा चढतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पुढे पोटात वायू भरतात आणि डोक्याकडची बाजू वर करतात, तेव्हा पुन्हा लक्ष द्यावं लागतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात ४,०९६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, निष्कर्ष २००५ साली छापले. भुलीनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत ९ टक्के रुग्णांचा दाब फारच उतरला होता. कोणाचा? पन्नाशी ओलांडलेल्यांचा, आधीच इतर गंभीर आजार असलेल्यांचा, मुळातच दाब कमी असलेल्यांचा, प्रोपोफॉल दिलेल्यांचा आणि सोबत फेंटानिल हे वेदनाशामक जास्त दिलेल्यांचा. यातलं पहिलंच तुमच्या आईला लागू आहे.

पण 'कमी' म्हणजे किती? इथे डॉक्टरांचंच एकमत नाही. २००७ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १३० शोधनिबंध चाळले, तर त्यांत 'कमी दाबा'च्या १४० व्याख्या निघाल्या. एकाच रुग्णसमूहाला त्या लावून पाहिल्या तर दाब उतरलेल्यांचं प्रमाण व्याख्येप्रमाणे ५ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत गेलं! आज साधारणपणे सरासरी दाब ६५ च्या खाली जाऊ देत नाहीत. सरासरी म्हणजे खालच्या आकड्यात दोन्हींतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. ९०/५२ ची सरासरी जवळपास ६५ येते. क्लीव्हलँडमधल्या ३३,३३० ऑपरेशनांच्या २०१३ सालच्या अभ्यासात सरासरी ५५ च्या खाली काही मिनिटं राहिलेल्यांत मूत्रपिंड आणि हृदयाला इजा जास्त आढळली. जुन्या बीपीवाल्यांच्या शरीराला वरच्या दाबाची सवय झालेली असते, म्हणून त्यांच्यासाठी रेघ थोडी वरच धरलेली बरी.

भुलीत नेमकं कशावर लक्ष ठेवायचं, हा वाद जुना आहे, आणि तुमच्या दारातला म्हणावा असा. पाचोऱ्याच्या दक्षिणेचा अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पूर्वी निजामाची हद्द लागायची. त्याच संस्थानात, हैदराबादला, १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. क्लोरोफॉर्म या तेव्हाच्या भुलीच्या औषधाने माणूस दगावतो तो आधी श्वास थांबून की हृदय? हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह श्वासाचा. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने पैसे दिले आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना धाडलं. प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला की नाडीकडे नको, श्वासाकडे पाहा. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयही एकाएकी बंद पडू शकतं. दंडाला बांधायचा पट्टा रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला, म्हणजे आयोगाच्या काळात रुग्णाचा दाब असा सहज मोजायची सोयच नव्हती.

आता कॉम्प्युटर. तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. २०१८ साली जाहीर झालेली एक प्रणाली धमनीतल्या लाटेचा आकार वाचून पंधरा मिनिटं आधी इशारा देते. तिच्यासाठी बहुधा मनगटाच्या धमनीत सुई ठेवतात. साध्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला कोणी ती सहसा घालत नाही. २०२० साली ॲमस्टरडॅमच्या चाचणीत तिचा फायदा दिसला, त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या चाचणीत दिसला नाही. पुढे टीकाकारांनी दाखवलं की सरासरी दाब ७२-७३ च्या खाली गेल्यावर साधा गजर लावला, तरी जवळजवळ तेवढंच कळतं. मला हे पटतं. दुसरा मार्ग आधीच्या नोंदींवरून अंदाज बांधण्याचा: न्यूयॉर्कमध्येच १३,३२३ रुग्णांच्या नोंदींवर संगणक शिकवून पाहिला होता. दाब उतरलेला एक आणि न उतरलेला एक अशी जोडी पुढे ठेवली, तर शंभरपैकी साधारण ७६ वेळा त्याने बरोबर ओळखलं. नाणं उडवण्यापेक्षा बरंच चांगलं, पण अनुभवी भूलतज्ज्ञाला घरी बसवण्याइतकं नाही. तो प्रोपोफॉल हळू आणि बेताने देतो, पट्टा दर एक-दोन मिनिटांनी फुगवतो आणि दाब चढवणाऱ्या मेफेंटरमिन किंवा फिनाइलएफ्रिनची सिरिंज भरून हाताशी ठेवतो.

तुमच्या हातातही थोडं आहे. आपल्याकडे रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, ही जुनी रीत अजून चालते, आणि खान्देशच्या मे महिन्यात शरीरातली विहीर आधीच आटलेली असते. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आदल्या दिवशी एकादशी आली तर आईला उपास करू देऊ नका. उठून उभं राहिल्यावर तिला चक्कर येते का, हे न विचारताही सांगा, विशेषतः मधुमेह असेल तर.

आणि टेल्मिसार्टन चुकून घेतली गेलीच, तर लपवू नका, घाबरूही नका. फ्रान्समध्ये २,२२२ रुग्णांवर झालेल्या २०२४ सालच्या चाचणीत अशा गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचा आणि थांबवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा दाब भुलीत उतरला. मृत्यू आणि मोठी गुंतागुंत मिळून दोन्हीकडे २२ टक्केच होती.